वाळ्याचा पडदा

शालनने खिडकी धाडकन बाहेर ढकलली आणि पलीकडून आवाज आला, "अगं आई गं!"

मे महिन्यातली दुपार होती. पिंपरीच्या त्या कारखान्याच्या कचेरीत, पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत हिशेबाचं यंत्र बसवलं होतं. मुंबईचे साहेब लोक त्याला कॉम्प्युटर म्हणत; हिशेबाचे आकडे यंत्राला कळावेत म्हणून कार्डांना भोकं पाडणाऱ्या मुली त्याला सरळ भट्टी म्हणत. चांगलं दोन कपाटांएवढं ते धूड, आत काचेच्या शेकडो नळ्या, आणि सगळ्या तापून लाल. बाहेर ऊन, आत ही भट्टी. त्या मुलींतल्याच शालनचा जीव घुसमटला म्हणून बिचारीने खिडकी उघडली, तर खिडकीबाहेर शिडीवर एक तरुण नाक धरून उभा!

"फार लागलं का हो?" शालन घाबरून म्हणाली.

"नाक आहे जागेवर... बहुतेक." त्याने चाचपून पाहिलं. "काहून एवढ्या जोरात उघडता? मी येतच होतो."

"खिडकीतून?"

"खिडकीच पाहायला पाठवलंय मला. खोली थंड करायची आहे म्हणे."

तो 'काहून' ऐकून शालनला हसू आलं, ते तिने पदराने दाबलं. पण त्याने ते पाहिलंच. उद्धव राऊत त्याचं नाव. अकोल्याकडचा, कारखान्यात नवाच लागलेला फिटर. नाक सुजून लाल झालं होतं आणि तरी स्वारी हसत होती. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

खोली थंड करायची घाई का, ते कचेरीचे मुख्य मारुतराव यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. यंत्र तापलं की आपोआप बंद पडायचं, आणि दुपारी दोनच्या पुढे ते रोज बंद पडत होतं. शनिवारी मुंबईचे साहेब येणार. त्यांच्यासमोर बंद पडलं, की यंत्र परत मुंबईला आणि मुली परत आपापल्या घरी.

शालनचं घर म्हणजे फलटणचे मामा. तिला चिंचवडला थोरल्या बहिणीकडे राहू दिलं होतं, ते नोकरी आहे तोवर. मामांनी एक स्थळही बघून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे, पण शालनने त्याला पाहिलं नव्हतं आणि पाहायची हौसही नव्हती. तिला स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या मर्जीने जगायची चटक लागली होती.

डबा खाताना हे सगळं ती उद्धवला कसं काय सांगून बसली, तिचं तिलाच कळलं नाही.

"मग शनिवारी यंत्र बंद पडू द्यायचं नाही," तो शांतपणे म्हणाला.

"तुम्हाला काय हो त्याचं?"

"वा! नाक फोडून घेतलं या खोलीपायी... आता असं अर्ध्यावर सोडतो काय?"

त्या दिवशी शालनच्या हातून तीन कार्डं चुकली. एरवी एकही चुकत नसे.

गुरुवारी सकाळी तिने दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. खोली गार होती! खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, त्यांतून येणारा वारा आणि तो वास... तिने डोळे मिटून घेतले.

"आमच्याकडं वाळ्याशिवाय उन्हाळा निघतच नाही बापा," मागून उद्धव म्हणाला. हातात पाण्याची बादली, आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट. "आवडलं?"

"फार." एवढंच बोलली, पण त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

आणि बघता बघता एक गोष्ट सांगायची राहून गेली. कामावर लागल्या दिवशीच सगळ्या मुलींना बजावलं होतं, कार्डांना ओल चालत नाही, टेबलावर पाण्याचा पेलासुद्धा ठेवायचा नाही. शालनला ते पाठ होतं. पण त्या वासात आणि त्या हसऱ्या डोळ्यांपुढे आठवलं तर ना!

दुपारी यंत्र तापलं नाही. मात्र कार्डं दमट पापडासारखी फुगली आणि यंत्राच्या तोंडातच अडकली. अख्खा गठ्ठा चुरगळला.

"अरे, यंत्र वाचवलंस आणि कार्डं बुडवलीस!" मारुतराव कडाडले. "कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

उद्धव मान खाली घालून पडदे सोडवू लागला. शालनला ते बघवेना.

"साहेब, चूक माझीही आहे," ती पुढे झाली. "कार्डांचं मला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं. मी बोलले नाही."

उद्धवने वळून तिच्याकडे पाहिलं. मारुतरावांनीही पाहिलं, आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे, आणि मिशीत काहीतरी पुटपुटत ते निघून गेले.

सुटी झाल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला होता. शालन दोन पायऱ्या वर थांबली.

"रुसलात?"

"स्वतःवर. ओल्याने कार्डं फुगतात, कोरड्याने यंत्र तापतं. खोली गार करू तरी कशी?"

"खोली कशाला गार करायची?" शालन सहज म्हणाली. "आमची मामी चुलीला कुठे वारा घालत बसते? चुलीवर धुराडं आहे. ताप, धूर, सगळं परस्पर बाहेर."

उद्धव ताडकन उठला. "पुन्हा म्हणा!"

"काय... धुराडं?"

"आता हसू नका. ज्या खिडकीने माझं नाक फोडलं, तिथूनच धुराडं बाहेर काढतो."

शुक्रवारी पिंपरी कॅम्पातल्या युनूस पत्रेवाल्याला हाताशी धरून त्याने दिवसभर ठोकाठोकी केली. यंत्राच्या माथ्यावर पत्र्याचं छत, छतातून खिडकीबाहेर पडून बाजूच्या गॅलरीकडे वळणारा नळ, आणि नळाच्या टोकाला गरम हवा ओढून घेणारा पंखा. संध्याकाळी यंत्र चालू केलं, तर बाहेर गॅलरीत कडक, कोरडी हवा येऊ लागली. शालनने फुगलेली कार्डं तिथेच पसरून वाळवली. चुरगळली होती ती पुन्हा नव्याने भोकं पाडून तयार केली. कार्डं उलटताना त्याची बोटं एकदा तिच्या बोटांना लागली आणि... दोघांनीही घाईने नळाकडे पाहिलं.

शनिवारी साहेब आले. यंत्र धडधडत होतं. दोन वाजले. अडीच वाजले. तीनही वाजून गेले. भट्टी आपली कार्डं गिळतेय आणि धुराडं ताप ओकतंय!

"उत्तम," साहेब रुमालाने चष्मा पुसत म्हणाले. "यंत्र इथेच राहील."

शालनच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती गॅलरीत गेली आणि चक्क रडली. मोकळं वाटल्यावर येतं ना, तसलं रडू. पाठोपाठ उद्धव आला.

"आता काहून रडता?"

"नोकरी राहिली म्हणून," डोळे पुसत ती हसली. "आणि तुम्ही? इतके गप्प का?"

"माझं या खोलीतलं काम संपलं." त्याने सगळा धीर गोळा केला. "एक पडदा ठेवलाय मी काढून. माझ्या खोलीला खिडकी आहे, वारा आहे... पण मी दिवसभर कामावर. पडद्यावर पाणी शिंपडणारं कुणी नाही."

शालनच्या गालांवर ऊब चढली. मामांना काय सांगायचं ते ती नंतर बघणार होती. आता फक्त एकच गोष्ट विचारायची होती. यावेळी ती विसरणार नव्हती.

"खोलीत कार्डं-बिर्डं तर नाहीत ना?"

"एकही नाही."

"मग शिंपडीन," शालन म्हणाली. "कामावरून आल्यावर. दोघं मिळून."