टॉफी कुणाचा

उसाचा फड पेटवला होता आणि काळी राख तरंगत तरंगत आयर गावच्या बाजारावर उतरत होती. मेरिन टोमॅटो निवडत होती. इतक्यात मागून कुणीतरी धाडकन अंगावर आलं, आणि तिची पिशवी रस्त्यावर सांडली.

"टॉफी?"

तोच तो. एक कान उभा, एक पडलेला. वादळात कुंपण मोडलं तेव्हा तो पळाला होता. तिने सारा परिसर पालथा घातला होता, शेवटी मेला समजून रडून घेतलं होतं. आता तो तिचं तोंड चाटत होता... आणि त्याच्या पट्ट्याची दोरी एका उंच, उन्हाने रापलेल्या तरुणाच्या हातात होती.

"माफ करा हं," तो म्हणाला. "हा असा कुणाच्या गळ्यात पडत नाही. पण आवड चांगली आहे त्याची!"

"हा माझा कुत्रा आहे."

त्याचं हसू मावळलं.

नगरपालिकेतल्या बाईंनी सरळच सांगितलं. टॉफीच्या कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपवर मेरिनच्या जुन्या भाड्याच्या घराचा फोन नोंदलेला होता. घर बदललं, नंबर बदलायचा राहून गेला. तो भटकताना सापडल्यावर पालिकेने फोन केले, मुदत संपेपर्यंत वाट पाहिली आणि कुत्रा त्या तरुणाला, रेन्झो बोनाटोला, रीतसर दिला. "कायद्याने तो आता त्याचा, पोरी. त्याने आपणहून दिला तरच तुझा."

ती तावातावाने रेन्झोच्या शेतावर गेली. ओसरीत त्याची म्हातारी आई, असुंता, टॉफीला मांडीशी घेऊन शेंगा सोलत होती. एक दाणा भांड्यात, एक त्याच्या तोंडात.

"बाबा गेल्यापासून ती अंथरूण सोडत नव्हती," रेन्झो हळूच म्हणाला. "याला फिरवायला म्हणून उठली. न्यायचा तर ने... पण तिला तूच सांग. माझ्याने नाही व्हायचं."

मेरिनच्यानेही झालं नाही.

मग ती दर शनिवारी येऊ लागली. असुंता ताटात पास्ता वाढतच राहायची. "एवढंसं खातेस? कुत्रा बरा तुझ्यापेक्षा!" जेवण झालं की दोघं टॉफीला घेऊन पाटाच्या कडेने फिरायला जायची.

"खरं सांग," रेन्झो विचारायचा, "टॉफीसाठी येतेस की आईच्या पास्त्यासाठी?"

"पास्त्यासाठी."

"आणि मी?"

"तुला कोण विचारतंय? तू दोरी धरायला आहेस."

तो हसायचा, आणि तिच्या गालावर पडलेला राखेचा कण अंगठ्याने अलगद पुसायचा. तो कण पुसून झाल्यावरही अंगठा थोडा वेळ तिथेच राहायचा...

अशाच एका शनिवारी, मोटारीकडे परतताना तो म्हणाला, "मला एक तोड सुचलीय. माझ्याशी लग्न कर. म्हणजे कुत्रा कुणाचा, हा प्रश्नच मिटला."

तिचं काळीज उसळलं, आणि तिथेच अडलं.

"टॉफी नसता, तर विचारलं असतंस?"

खोटं 'हो' म्हणणं सोपं होतं, पण त्याने ते टाळलं.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "तू आलीस की आई हसते, घर हसतं. त्यात तू किती आणि टॉफी किती... मला वेगळं नाही करता येत."

"मला येतं," ती म्हणाली. "टॉफी नसता तरी मी आले असते, रेन्झो. कधीपासूनच."

"मग... मग थांब ना!"

"नाही रे. रोज तुझ्या डोळ्यांत मी स्वतःला शोधत बसेन. ते नको मला."

ती मोटारीत बसली. टॉफी दोरी ओढत दाराशी आला. रेन्झोने दोरी सोडून दिली.

"ने त्याला," तो म्हणाला. "मनापासून देतोय. आजपासून तुझा."

टॉफीने पुढचे पाय तिच्या मांडीवर टेकले. ओसरीतून असुंता त्याला हाका मारत होती... जेवायला ये, जेवायला ये. मेरिनने त्याच्या पडलेल्या कानामागे बोटं फिरवली, मग एकेक करून त्याचे पाय खाली उतरवले.

"बस," ती म्हणाली.

तो बसला.

"थांब."

तिने दार ओढलं, मोटार सुरू केली. आरशात तो धुळीत तसाच दिसत होता... अंग थरथरतंय, मान तिच्याकडे, पण जागचा हललेला नाही. तो पिल्लू असताना तिनेच शिकवलं होतं ते त्याला. त्यातलं तो काही म्हणजे काही विसरला नव्हता.