खिळ्यांचा हिवाळा

त्या हिवाळ्यात आमच्या पोला शहरात एक वेळ सोनं मिळालं असतं, पण खिळा मिळत नव्हता. दुसरी मोठी लढाई संपली, शहर युगोस्लाव्हियाच्या वाट्याला गेलं, आणि आम्ही इटालियन बोलणारी माणसं गाशा गुंडाळून बोटीने इटलीला निघालो. जो तो सामानाला फळ्या ठोकत होता. रस्त्याने जावं तर घराघरातून नुसती ठकठक.

मी लोखंडाच्या दुकानापुढे रांगेत. वर बर्फ भुरभुरत होता... माझी पाळी आली आणि दुकानदाराने हात झटकले.

"खिळे संपले."

"मग फळ्या काय दातांनी ठोकू?"

मागून कोणीतरी हसलं. वळून पाहिलं, तर एक उंच पोरगा, पापण्यांवर बर्फ अडकलेला.

"दात छान आहेत तुमचे. फुकट घालवू नका."

"माझे दात बघायला मी काय बाजारातली घोडी आहे?"

"छे! घोडी लाथ मारायच्या आधी कान तरी हलवते..."

तो द्रागो. गोदीतला सुतार. त्याची माणसं क्रोएशियन, ती इथेच राहणार होती. मोडक्या पेट्यांतले वाकडे खिळे काढून तो दगडावर ठोकून सरळ करायचा. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात हजर! मूठ उघडली. खिळे थोडेसेच, पण त्याच्या हाताने ऊबदार झालेले.

आईचं अक्रोडाच्या लाकडाचं कपाट होतं, माहेरून आणलेलं. "कपाट उभं राहील तिथे माझं घर," म्हणायची. त्याचं खोकं पुरं झालं की पुढची बोट धरायची, असं बाबांनी ठरवलेलं. म्हणजे बघा, खिळे जितके जास्त, तितकी मी लांब.

"आज एवढेच?" मी विचारलं.

"एवढेच मिळाले."

"मग खिशात काय खुळखुळतंय?"

त्याचे कान लाल झाले. "ते... उद्याचे."

मग मीही कमी नव्हते. ठोकलेली फळी तिरकी बसली म्हणायची, काढायला लावायची. आई त्याला जवाची कॉफी द्यायची. कप दोन्ही हातांत धरून तो माझ्याकडे बघायचा, आणि मी... फळीकडे.

"तिकडे कोण आहे तुमचं?" एकदा त्याने विचारलं.

"कोणी नाही. बराकीत ठेवणार म्हणतात."

"आणि इथे?"

"इथे घर आहे."

"नुसतं घरच?"

"ज्याला विचारायचंय त्याने सरळ विचारावं. खिळे सरळ करता येतात, जीभ नाही येत?"

त्याने तोंड उघडलं... आणि बाबा आत आले. "उद्याची बोट मिळाली! आज पुरं कर रे, पोरा."

द्रागोने हातोडा उचलला. मला पाणी आणायला धाडलं आणि मागची शेवटची फळी एकट्याने ठोकली. वरून दोर असा आवळला की करंगळी शिरेना. "वाटेत दोर सोडू नका," बाबांना म्हणाला. मग हळूच मला, "उघडशील तेव्हा हातोडा शोधू नकोस."

पहिल्यांदा 'तू' म्हणाला. मी त्यातच अडकले.

धक्क्यावर तो टोपी हातात घेऊन उभा होता. काही ओरडला, पण वाऱ्याने ते नेलं. मी नाक वर करून उभी. आधी मी का विचारू?

पलीकडे त्रिएस्त शहरात, निर्वासितांच्या बराकीत घोंगड्या टांगून भिंती केलेल्या. तिथे कपाट कुठे उभं करणार? ते बंदराच्या गोदामात पडलं, हजारो लोकांच्या खुर्च्या-पलंगांत. आई त्या कपाटाची वाट बघत गेली. माझं लग्न झालं. नवरा भला होता, त्याच्याबद्दल कोणी बोलायचं काम नाही. भिंतींचं घर मिळालं तेव्हा मी कपाट आणायला गेले.

गोदामाचा राखणदार पहार आणायला वळला. तोवर मी दोर सोडला. मागची फळी आपसूक माझ्या हातात आली! बाकीच्या फळ्यांना लांब खिळे होते, हिला कापून आखूड केलेले. पोला सोडायच्या आधी राहायचं मनात आलं असतं, तर एका हाताने उघडून कपाट परत उभं करता आलं असतं...

राखणदार पहार घेऊन आला, बघतच राहिला. "कुठल्या मूर्ख सुताराचं काम हे, बाई?"

"तोंड सांभाळ," मी म्हटलं. "काम त्याला येत होतं. बोलायला तेवढं येत नव्हतं."