चौथ्या मजल्याची तक्रार

आधी ती सिगारेट विझव बघू. हसू नका रे. मी काही तुमच्या बापासारखं भाषण ठोकणार नाही, पण ही गोष्ट धुरात बसून सांगायची माझी छाती नाही.

माझा एक मित्र मोठ्या हॉस्पिटलात स्वच्छता निरीक्षक होता. उभ्या जन्मात त्यानं बिडीला हात लावला नाही, आणि हे तो चारचौघांत ऐकवायचाही. आवारात धूम्रपानबंदी पाळली जाते की नाही, याचा दर सोमवारचा फॉर्म त्याच्याकडे. जिने, संडास, पार्किंग, सगळ्यांपुढे हा खुर्चीतून न उठता बरोबरच्या खुणा करायचा. शेवटच्या 'तक्रारी' या रकान्यात लिहायचा 'निरंक', म्हणजे एकही नाही. सगळे त्याला निरंकरावच म्हणायचे.

मागच्या जिन्यात मात्र ड्रायव्हर, नातेवाईक, अगदी डॉक्टरसुद्धा खुशाल फुंकत उभे असायचे. तो सगळा धूर सरळ चौथ्या मजल्यावर चढायचा. आणि तिथं होता दम्याच्या बायकांचा वॉर्ड.

एका मंगळवारी सकाळी अकराला तपासणी समिती येणार होती. शेरा चांगला पडला की निरंकरावाची बढती पक्की. म्हणून सोमवारी रात्री, पावणेदोनला, तो बादली, झाडू आणि टॉर्च घेऊन एकटाच मागच्या जिन्यात गेला. थोटकं वेचायला. दुसऱ्या कुणाला लावलं असतं तर सकाळपर्यंत बोभाटा झाला असता.

पहिला मजला झाडला. दुसरा झाडला. बादली अर्धी भरली. तिसऱ्यावर आला, तर धुराचा ताजा वास.

"कोण आहे रे वर? विझव ती!"

वरून नुसता खोकला. कोरडा... बाईचा.

तो तणतणत वर चढला.

चौथ्या मजल्याच्या दाराशी, पायरीवर एक म्हातारी बसली होती. अंगात वॉर्डचे निळे कपडे. मागचं दार नेहमीसारखं वीतभर उघडं. वर्षभर ते लागतच नव्हतं.

"आजी, काही वाटतं का? दम्याच्या पेशंट ना तुम्ही? टाका ती आधी."

तिनं दोन्ही हात उघडून दाखवले.

रिकामे.

मग तिनं श्वास सोडला. तोंडातून धूर आला. येतच राहिला. एवढा धूर... एका छातीत?

"माझा नाही हा," ती म्हणाली. "खाली तुमची माणसं ओढतात, त्यांचा आहे. मी अजून सोडतेच आहे, साहेब..."

साहेब म्हटल्यावर त्याला ओळख पटली. तीन आठवड्यांपूर्वी हिनंच त्याचा हात धरला होता. तेवढं दार बसवून घ्या साहेब, रात्रभर धूर येतो, म्हणाली होती. त्यानं मान डोलावली. खाली आला. फॉर्ममध्ये लिहिलं, निरंक.

त्याच रात्री ती गेली होती. दाराजवळच्या खाटेवर.

"आता तरी लिहून घ्या," ती म्हणाली.

"उद्या... उद्या नक्की लिहितो."

"उद्या?"

ती उठली. जवळ आली. अगदी जवळ.

आणि तिनं त्याच्या तोंडावर हलकेच फुंकर घातली...

पुढचं त्याला आठवत नाही. उजाडलं तेव्हा तो तळमजल्यावर बादलीशेजारी बसलेला होता. जागरणानं भास झाला असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट चढवला.

अकरा वाजता समितीच्या बाईंनी फॉर्म हातात घेतला.

"तक्रारी?"

बढती समोर होती रे. माणूसच तो.

"निरंक," तो म्हणाला.

आणि त्या शब्दाबरोबर त्याच्या तोंडातून धूर बाहेर पडला. भर दिवसा. पाच माणसांसमोर. जो कधीच ओढत नव्हता, त्याच्या.

धूर येतच राहिला...

त्यानं फॉर्म ओढून घेतला. शब्द खोडला. म्हातारीची तक्रार लिहिली, तारखेसकट. ती दाबली कुणी, तेही लिहिलं. खाली सही केली. तेव्हा कुठे धूर थांबला.

बढती गेली. दार आठवड्यात नवं बसलं. जिन्यात पहाराही लागला. म्हातारीचं ऐकलं गेलं, सुटलो, असं म्हणत तो ढसाढसा रडला होता माझ्यापाशी.

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. निवृत्त झालाय, तब्येत ठणठणीत. सकाळी वहिनी त्याच्या उशीचा अभ्रा काढत होत्या. तोंड टेकतं तिथं पिवळट डाग. तंबाखूचा वास.

बाहेर दोरीवर आणखी सहा अभ्रे धुऊन वाळत होते... सगळ्यांवर तोच डाग.