त्याच्या वाटचा घास

दिवा जरा इकडे सरकवा. हं. आता सांगतो.

त्या दिवशी मी स्वतःसाठी पँटचं कापड बेतायला घेतलं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले, पण किडनी बदलल्यावर माझ्याच कपड्यांत मी मावेना. तोंड सुजल्यासारखं गरगरीत झालं. लेक हसायची, "बाबा, गालांनी डोळे खाल्ले की तुमचे!" मीही हसायचो आणि आरशाकडे पाठ करायचो.

किडनी एका तरुण मुलाची होती. अपघातात गेला बिचारा. नाव सांगत नाहीत. घरी आलो त्या दिवशी बायकोने ताटात एक घास जास्तीचा वाढला. म्हणाली, "हा त्याच्या वाटचा. उपाशी गेलं असेल लेकरू." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तो घास खाल्ला.

भूक तेव्हापासून लागली.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांमुळे होतं असं. पण काका, तोंडावर ताबा ठेवा. एवढं वजन या किडनीला झेपायचं नाही. हीसुद्धा हातची जाईल." मी मान हलवली. आणि बायको शेजारी गेली की दाराआड उभा राहून पातेल्यातला गार भात मुठीने खायचो. तिला कळायचं. रिकामं पातेलं ती न बोलता घासायची. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

तर ती पँट. टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं. कंबर बरोबर आली, पण पाय वीतभर लांब झाले. माझा हात असा कधी चुकला नव्हता. वाढीव कापड दुमडून खाली पट्टी घातली. सकाळी पाहिलं तर पट्टी उसवलेली. दोरा तुटला नव्हता, कुणीतरी सावकाश ओढून काढल्यासारखा शेजारी पडला होता.

"तू उसवलीस का गं?"

"मला कशाला उद्योग?" ती म्हणाली.

संध्याकाळी ती लेकीकडे निघाली. मीच म्हटलं, "स्वयंपाकघराला कुलूप घाल आणि किल्ली घेऊन जा. माझा भरवसा नाही." तिने कुलूप घातलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला लाज वाटू नये म्हणून असेल.

ती गेली आणि वीज गेली. मी नवी पँट घातली, पाय वर खोचले आणि दिवा घेऊन मशीनपाशी बसलो. घर अगदी गप्प होतं. मग वास आला. ओल्या रस्त्याचा आणि पेट्रोलचा. बाहेर तर कोरडं होतं...

कुलपाच्या आत ताट वाजलं.

मांजर असेल म्हटलं. मग भात कालवल्याचा आवाज. मग चावण्याचा... घाईघाईने, बऱ्याच दिवसांचा उपाशी माणूस चावतो तसा. मी जागचा हललो नाही. पण माझं पोट भरत होतं. आतल्या एकेका घासागणिक कमरेची शिलाई काचत होती.

उठून दाराला कान लावला.

"भूक लागली का रे, बाळा?"

आतला आवाज थांबला.

"खा... पण थोडं कमी खा. ही किडनी गेली तर आपण दोघंही जाऊ रे..."

मग पुन्हा चावणं. या वेळी हळू. दबकून, चोरून खाल्ल्यासारखं. माझ्यासारखं.

वीज आली, पाठोपाठ बायकोही आली. तिने कुलूप काढलं. पातेलं लख्ख होतं, ताट चाटूनपुसून ठेवलेलं. तिने हातातल्या किल्लीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मी ओठ पुसले, तर बोटाला भाताचं शीत लागलं.

"अहो... कसं खाल्लंत?" तिने रिकाम्या ताटाकडे बोट केलं. "की दुसरं कुणी..."

तो घास तिने मायेने वाढला होता. त्यानेच कुणाला तरी घरात बोलावलं, हे तिला कसं सांगू?

"मीच खाल्लं," म्हटलं. "दुसरी किल्ली आहे माझ्याजवळ. लाज सोडली मी."

तिने पदराने माझी हनुवटी पुसली आणि खाली वाकून पँटचे खोचलेले पाय सोडले. ती तशीच थांबली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "लांबी तर बरोबर आहे की."

मी खाली पाहिलं. काल वीतभर जास्त होतं ते उसवलेलं कापड आता माझ्या टाचेवर नेमकं टेकलं होतं.