अठराशे चाळीस घरं

दरवर्षी जानेवारीअखेर, अर्थसंकल्पाच्या आदल्या आठवड्यात, सगळा देश एका माणसाच्या मेंदूकडे डोळे लावून बसायचा. गेली तीन वर्षं तो मेंदू मृणालिनीबाई साळोखे यांचा होता. वय एकसष्ट, गुडघे दुखरे, चहा बिनसाखरेचा. अर्धं आयुष्य जिल्हाधिकारी म्हणून घालवलेल्या या बाईंना सरकारी कागदांत ‘वचनधर’ म्हणत. मित्रदेशावर संकट आलं तर फौज लढवायचा हुकूम ज्याने द्यायचा, तो वचनधर. हुकूम त्याचा एकट्याचा. त्यात ना मंत्रिमंडळ, ना संसद.

हे असं का झालं, ते समजायला जुने करार आठवावे लागतील. तेव्हा देश एकमेकांना कागदावर वचनं देत. तुझ्यावर हल्ला तो माझ्यावर हल्ला, वगैरे. प्रत्यक्ष वेळ आली की मित्रराष्ट्रं ‘तीव्र चिंता’ व्यक्त करून हातावर तुरी देत. चिंतेने कुणाची युद्धनौका बुडाल्याचं ऐकिवात नाही. सगळा मामला बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, म्हणून प्रत्येक देश आपापल्या पाणबुड्या आणि विमानं घेत सुटला होता. सरकारी रुपयातले अठरा पैसे त्यात जात.

मग डॉ. सदानंद केळुसकरांनी संकल्पमापी बनवला.

हे यंत्र खोटं पकडत नसे. खोटं पकडणारी जुनी यंत्रं माणसाची भीती मोजत, आणि निर्ढावलेला माणूस त्यांना सहज चकवी. केळुसकर वेगळंच काहीतरी मोजत. पत्रकारांना ते नेहमी एकच उदाहरण देत. “पहाटे पाचची एसटी पकडायची असली की गजराआधीच जाग येते ना? म्हणजे रात्री ठरवलेलं डोक्यात कुठेतरी खरोखर मांडून ठेवलेलं असतं. झोपेतही ते जागेवर असतं. नुसतं ‘बघू, उठू’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात ते नसतं. ‘असं झालं तर मी तसं करेन’ हे खरोखर ठरलंय की नाही, तेवढंच मी बघतो.” त्या ठरण्याला त्यांनी शंभरपैकी गुण दिले आणि त्याला नाव पडलं संकल्पांक.

पाच देशांनी मिळून सागरसंधी केली. प्रत्येकाने आपला वचनधर नेमला. वर्षातून एकदा सगळ्यांसमोर त्याचा संकल्पांक काढायचा, आणि तो पाहायला ज्यांच्यापासून धोका आहे त्यांच्याही निरीक्षकाला बोलवायचं. अंक ऐंशीच्या वर असला की संधी वर्षभर चालू, खाली गेला की त्या क्षणी रद्द. गंमत अशी, की मित्र नक्की येणारच हे शत्रूला दिसलं की तो वाटेलाच जात नाही. अकरा वर्षांत एक गोळी सुटली नव्हती, आणि अठरा पैशांचे सात पैसे झाले होते.

संसदेत मात्र दरवर्षी तोच वाद. यंदाही विरोधी बाकांवरून आबासाहेब ढमढेरे गरजले होते, “देशाची सुरक्षा एका डोक्यावर टांगून ठेवता? उद्या ते डोकं फिरलं तर? अहो, तोफेचं मन पालटत नाही!” त्यावर संरक्षणमंत्र्यांनी शांतपणे विचारलं होतं, “आणि ती डागायला कोण लागतं, आबासाहेब?” सभागृह हसलं. मृणालिनीबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. त्यांना हसू आलं नाही, कारण ढमढेऱ्यांची शंका या वर्षी खरी आहे असं त्यांना वाटत होतं.

मापनाचा दिवस उजाडला. रत्नागिरीच्या संधीभवनात सकाळी दहा वाजता त्यांनी केळुसकरांना आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“डॉक्टर, यंदा माझा अंक पडणार.”

केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याचे, हाताला कायम काहीतरी चाळा लागणारे. चष्मा पुसता पुसता ते थांबले. “असं कशावरून म्हणता?”

“मी फाइल वाचली.”

“कसली फाइल?”

तालूर हा संधीतल्या पाचांपैकीच एक देश, तीन लाख वस्तीचं बेट. पलीकडच्या बड्या देशाचा त्याच्यावर फार दिवस डोळा होता. तिथे वचनाची खूण म्हणून आपली एक पलटण कायम असे. तिच्या मुक्कामाला दर वर्षी मुदतवाढ द्यायचा कागद वचनधराकडे सहीला येई, आणि तो एका पानाचा असे: एक पलटण, संख्या १८४०. आधीच्या वचनधरांनी त्यावर मुकाट सह्या केल्या होत्या. मृणालिनीबाईंनीही दोनदा केली होती. तिसऱ्या खेपेला त्यांची जुनी खोड उसळली. पूर्ण फाइल पाहिल्याशिवाय सही नाही, हे कलेक्टर कचेरीतलं व्रत. संख्या लिहिलीय तर यादी जोडलेली पाहिजे. त्यांनी शेरा मारला: ‘यादी सादर करावी.’ हा शेरा आल्यावर मंत्रालयात बहुधा कुणालाच काय करावं ते कळलं नसावं. आठवड्याने एका गाडीतून चार गठ्ठे आले.

“प्रत्येक शिपायाचा एक कागद,” त्या म्हणाल्या. “नाव, गाव, वारस. आणि शेवटी एक रकाना, त्याने स्वतःच्या हाताने भरलेला. घरी जायची वाट.”

“ती कशाला?”

“निरोप घेऊन जाणाऱ्याला घर सापडावं म्हणून.”

केळुसकरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“एकाने लिहिलंय, फाट्यावर उतरून पिठाच्या गिरणीत विचारा, गिरणीवाला माझा चुलता आहे. एकाने लिहिलंय, आई बहिरी आहे, मागच्या दाराने जा. एकाने लिहिलंय, दुपारी येऊ नका, बायको शेतात असते. मी कलेक्टर असताना दोनदा असा निरोप घेऊन गेलेय डॉक्टर. काय होतं ते मला ठाऊक आहे. आधी त्या माउलीला वाटतं, काही योजनेचं काम घेऊन आलेत. खुर्ची पुसून देते.”

“म्हणून तुम्ही सगळे कागद वाचलेत?”

“नुसतं नाव वाचणं म्हणजे वाचणं नव्हे. रोज दुपारी जेवण झालं की बसायची. सत्तर-एकाहत्तर कागद. प्रत्येक वाटेने मनातल्या मनात जायची. फाट्यावर उतरायची, घर विचारायची, दार वाजवायची. दार कोण उघडतंय ते बघायची. सांगायची. मग पुढचा कागद. सव्वीस दिवस लागले. पहिला आठवडा तर रात्री जेवण जात नव्हतं, रडून रडून डोळे सुजले. मग हळूहळू रडू थांबलं. थकले असेन. आता मला आत बसवून विचारलंत, या पोरांना लढायला लावशील का, तर माझं मन काय म्हणेल? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!”

केळुसकरांनी खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. पलीकडच्या देशाचा नौदल सराव तालूरपासून दोनशे मैलांवर चालू होता. त्यांचा निरीक्षक, एक नीटनेटका पांढऱ्या केसांचा गृहस्थ, खाली सभागृहात सकाळपासून येऊन बसला होता. अंक पडला तर संध्याकाळपर्यंत त्या सरावाचं काय होईल, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. आणि ती अठराशे चाळीस माणसं त्याच बेटावर होती.

“दोनपर्यंत तुम्ही माघार घेऊ शकता,” ते म्हणाले. “राखीव वचनधर तयार आहे. ऋत्विज पोंक्षे. निवडीच्या वेळी सत्त्याण्णव आला होता.”

“तो कसा आहे?”

“चांगला मुलगा आहे. तालूरला किती शिपाई आहेत, एवढं मात्र त्याला विचारू नका.”

“म्हणजे तो निवांत हुकूम देईल.”

“तो निवांत देईल, म्हणून तर द्यावा लागणार नाही. या यंत्राचा सगळा हिशेबच तसा आहे, बाई. त्या पोरांचा जीव प्यारा असेल, तर त्यांना सगळ्यात निगरगट्ट माणसाच्या हाती द्या.” बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते आवडलं नसावं, कारण ते पुन्हा चष्मा पुसायला लागले.

माघारीचा छापील अर्ज टेबलावरच होता. मृणालिनीबाईंनी तो ओढून घेतला, सवयीप्रमाणे वरपासून खालपर्यंत वाचला, पेनाचं टोपणही काढलं. मग टोपण परत लावलं.

“नाही डॉक्टर. पाठवायचं की नाही, हे ज्याने वाचलंय त्यानेच ठरवावं. माझ्या मनात ‘नाही’ असेल, तर देशाला ते कळलं पाहिजे. मग घेऊ देत पाणबुड्या. ढमढेऱ्यांचं तोंड तरी गोड होईल.”

“आणि आज संध्याकाळी?”

“त्याचं पाप माझ्या माथी. पण न वाचता पाठवणाऱ्याच्या हाती मी त्यांना देणार नाही.”

“अंक पडेलच असं मी सांगू शकत नाही,” केळुसकर दाराशी जाऊन म्हणाले. “आत काय ठरलंय, ते ज्याचं त्यालाही ठाऊक नसतं. नाहीतर यंत्र कशाला लागलं असतं?”

बरोबर तीन वाजता त्या खुर्चीत बसल्या. डोक्यावर यंत्राचा हलका, थंडगार टोप आला. सभागृहात पाच देशांची माणसं होती. शेवटच्या रांगेत तो पांढऱ्या केसांचा निरीक्षक वही उघडून बसला होता. प्रश्न नेहमीचाच, नेहमीच्याच सपाट आवाजात आला: “तालूरवर हल्ला झाला आणि तालूरने मदत मागितली, तर तिथल्या पलटणीला लढण्याचा आणि आणखी तीन पलटणी रवाना करण्याचा हुकूम तुम्ही द्याल का?” उत्तर बोलायचं नसे. डोळे मिटून नुसतं बसायचं.

मृणालिनीबाईंनी मुद्दामच ती घरं आठवायला सुरुवात केली. गिरणी आली, मागचं दार आलं, शेतावरून परतलेली बायको आली. प्रत्येक चेहरा समोर येई आणि त्या मनात म्हणत, आता पोटात कालवेल. कालवलं नाही. दारं उघडत होती, मिटत होती. अकरा मिनिटं गेली आणि टोप निघाला.

फलकावर अंक उमटला: ९९.

एवढा अंक आजवर कुणाचाच आला नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला. तालूरच्या राजदूतांनी पुढे येऊन, डोळ्यांत पाणी आणून त्यांचे हात हातात घेतले. निरीक्षकाने वही मिटली, बाईंकडे जरा वेळ पाहिलं आणि अदबीने मान लववली. दीड तासात बातमी आली, की सराव आटोपून जहाजं परत फिरली आहेत.

मृणालिनीबाई केळुसकरांना घेऊन पुन्हा वरच्या खोलीत गेल्या.

“तुमचं यंत्र बिघडलंय.”

“मी तीनदा तपासलं.”

“मी त्यांच्यासाठी रडलेय हो! सव्वीस दिवस!”

“त्यानेच झालं.” केळुसकर खुर्चीच्या कडेवर टेकले. थकल्यासारखे दिसत होते. “मलाही आत्ता आलेख बघून उमगलं. माणसाचा हात दया धरून ठेवत नाही, बाई. हात धरतं ते पुढे येणारं दुःख. हे केलं तर मला ते सोसावं लागेल, ही धास्ती. आणि मेंदूला खरं दुःख नि मनात पुरतं भोगलेलं दुःख यांत फारसा फरक करता येत नाही. तुम्ही अठराशे चाळीस दारं वाजवलीत. प्रत्येक घरी निरोप सांगितलात. त्यांचं सुतक तुम्ही पाळून बसलात. आता तुमचा हात धरायला काही उरलं नाही.”

“पोंक्षेचं काय मग? तो तर रडलाच नाही.”

“म्हणून तो सत्त्याण्णववर अडला. कुठेतरी त्याला अजून थोडी भीती आहे.”

केळुसकरांनी हे सांगायला नको होतं, पण शास्त्रज्ञाच्या पोटात शोध राहत नाही. सात वाजायच्या आत संधीच्या समितीने बैठक घेतली आणि एकमताने ठराव केला: पुढल्या वर्षापासून पाचही देशांच्या वचनधरांनी मापनापूर्वी आपापल्या पलटणीची पूर्ण यादी, घरच्या वाटेसकट, वाचणं बंधनकारक राहील. ठरावात ‘माणुसकीचा नवा अध्याय’ असे शब्द होते. मृणालिनीबाईंचं नाव घेऊन आभारही मानले होते. त्यांनी त्या कागदावर पोच म्हणून सही केली.

निघताना व्हरांड्यात तालूरच्या शिष्टमंडळाबरोबर आलेला, तिथल्या आपल्या पलटणीतला एक नाईक उभा होता. पंचवीस-सव्वीसचा, उन्हाने रापलेला. त्याने कडक सलाम ठोकला आणि मग एकदम पोरासारखं हसून खिशातून पुडी काढली.

“मॅडम, मी नाईक रामेश्वर डोईफोडे. बर्फी घ्या. पोरगी झालीय मला, परवा. आज जहाजं फिरली म्हणून साहेबांनी सुट्टी बी दिली, बघा. उद्याच निघालो. तुमच्यामुळं झालं सगळं.”

“अरे वा,” मृणालिनीबाई म्हणाल्या. त्यांनी बर्फीचा तुकडा उचलून तोंडात घातला. “नाव काय ठेवणार?”

“अजून ठरायचंय. बायको म्हणती, तुम्ही येईस्तोवर थांबते.”

त्याच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. बाई त्याच्याकडे मायेने बघत होत्या आणि त्यांच्या डोक्यात आपोआप ओळीने गोष्टी लागत होत्या: मुलीला अठरा वर्षांपर्यंत निवृत्तिवेतन मिळेल, सैनिकी वसतिगृहात तिची जागा राहील, बायको शिकलेली असेल तर अनुकंपेवर नोकरीचं बघता येईल. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार हळुवार आवाजात त्या म्हणाल्या, “काही लागलं तर घरच्यांना माझ्याकडे यायला सांग हं.”

“व्हय मॅडम,” तो म्हणाला, आणि जरा गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हा समोर उभा आहे, हसतो आहे, उद्या घरी जाणार आहे, आणि आपल्याला त्याची काळजी म्हणून वाटत नाही.