पहिल्या क्रमांकाची फाइल

बाबा चपला घालून, हातात पिशवी घेऊन दारापाशी उभे होते. वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव सुरू व्हायची वेळ झाली होती. दाराने मऊ आवाजात सांगितलं, "आत्ता नको, बाबा. कुणीतरी सोबत येऊ दे." बाबांनी वाद घातला नाही. पिशवी मांडीवर घेऊन ते खुर्चीत जाऊन बसले.

शर्वाणीला तेच खटकलं. परवापरवापर्यंत ते दाराला शिव्या घालत, हा सोबती आहे की जेलर, म्हणून विचारत.

सोबती म्हणजे घर सांभाळणारी यंत्रणा. दार, गॅस, औषधांची पेटी, सगळं तिच्या हाती. बाबांना स्मृतिभ्रंश झाल्याचं कळलं तेव्हा शर्वाणीनेच ती बसवून घेतली. घरातल्या प्रत्येकाने आपल्या सूचनांची फाइल एका फोल्डरमध्ये टाकायची आणि यंत्रणेने सुरू होताना त्या क्रमाने वाचायच्या, अशी रीत होती. क्रमांक शर्वाणीने दिले. लग्नपत्रिकेत थोरांची नावं आधी घालतात, तशी बाबांची फाइल पहिली. मग ऑस्ट्रेलियात पर्थला राहणाऱ्या ओजसदादाची. धाकटी म्हणून स्वतःची शेवटी.

माहितीपुस्तिका तिने आज पहिल्यांदा नीट वाचली. एकाच गोष्टीबद्दल दोन फाइलींत वेगवेगळं लिहिलं असेल, तर नंतर वाचलेलं लागू होतं.

तिने बाबांची फाइल उघडली. 'दार मी सांगेन तेव्हा उघडावं. मी विसरायला लागलो तरी. बुडालो तर माझा मी बुडेन.' ते कुणीच पुसलं नव्हतं. सोबती दर वेळी ते वाचत होता आणि पुढच्या फाइली वाचून बाजूला सारत होता. दादाने दार फक्त रात्री बंद ठेवायला सांगितलं होतं. दिवसाचं कुलूप तिचं होतं. बाबा एकदा बंदरावरून येताना रस्ता चुकले, त्या दुपारी तिने ते घाबरून लिहिलं होतं.

तिने दादाला फोन लावला. एवढी इंजिनियर होऊन पुस्तिका आत्ता वाचतेस होय, म्हणून त्याने आधी चेष्टा केली. सगळं ऐकल्यावर मात्र त्याने विचारलं,

"त्यांची फाइल शेवटी टाकलीस आणि ते परतच आले नाहीत तर?"

"त्यांनी ते पूर्ण शुद्धीत लिहिलंय, दादा."

"तेव्हा होते गं शुद्धीत."

फोन ठेवून तिने बाबांच्या फाइलला सर्वांत शेवटचा क्रमांक दिला. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली, की दार बाबांचं ऐकणार होतं. बटणावर बोट टेकवून ती थांबली.

"बाबा, दार उघडलं तर कुठे जाल?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुम्ही म्हणाल तिथे."

बाबा तिला आजवर कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते. ज्यांनी ती फाइल लिहिली त्या बाबांचं ऐकायचं तिने ठरवलं होतं. पण उंबरठा ओलांडून जाणार होते ते हे बाबा. यांची फाइल कुणी लिहायची?