मास्तरांची टोपली

"कडी लावलीत ना? मग ऐका. माझ्या मावसभावाची गोष्ट. सुतार आहे. बढाया मारायला त्याला वेळच नसतो.

गेल्या अमावास्येच्या आदल्या रात्री, साडेअकराच्या सुमाराला तो हातगाडीवर शवपेटी घालून निघाला. साथ चालली होती. त्या आठवड्यातली ही चौथी पेटी. अंगात त्राण म्हणून नव्हतं.

ही होती मास्तरांची, तेही साथीतच गेले. भाषा शिकवायचे. निवृत्त झाल्यावर रोज भाजीची टोपली घेऊन दुकानात टेकायचे आणि शब्दांची सालं काढत बसायचे. 'संदूक अरबांकडची, पाहुणी. पेटी आपली जुनी, पण मुळात टोपलीच. आणि साहेबाचं कॉफिन? तेही मागे मागे गेलं की टोपलीच निघतं. माणूस आधी विणायला शिकला रे, मग ठोकायला.'

'मास्तर, टोपलीला खिळे लागत नाहीत, मला लागतात,' हा म्हणायचा. पण म्हाताऱ्यावर जीव होता. म्हणून तर सकाळची वाट न बघता निघाला.

आता, त्याच्या घराण्याचा एक नेम. रिकामी शवपेटी वाटेला काढायची नाही. मूठभर भुसा तरी आत टाकायचा. नाहीतर ती वाटेतच माणूस भरून घेते. मास्तर हसायचे. 'विसरलास कधी, तर माझी टोपली ठेव हो आत.'

त्या रात्री हा विसरला.

पुलावर आठवलं. मागे फिरायचं बळ नव्हतं. गाडी टेकवली. पाय भरून आलेले. मनात आलं… आत पडावं. घटकाभर. कोण बघतंय?

भीती वाटली नाही, पोरांनो. बरं वाटलं. तेच वाईट.

झाकण सरकवलं. पाय उचलला…"

"मग, काका?"

"आत जागा नव्हती.

टोपली होती. मास्तरांचीच. मोडक्या कडीला सुतळी गुंडाळलेली.

गाडी कशी ढकलली, त्याचं त्याला ठाऊक. मास्तरांच्या सुनेनं दार उघडलं. टोपली पाहिली… आणि पांढरी पडली.

'दादा, ही तर मी त्यांच्या उशाशी ठेवलीय. आत्ताच.'

दोघं आत गेली. मास्तर शांत निजलेले. उशाशी काही नव्हतं. गादीवर फक्त टोपलीच्या बुडाएवढा एक गोल खळगा.

आणि तो खळगा… त्यांच्या डोळ्यांदेखत… हळूहळू वर येत होता."